१९१० मध्ये डेमोक्रॅट २२८ की २३०? जुन्या अमेरिकन निकालांचा ताळा कसा जमवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९०० ते १९१६ या काळातल्या अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन सभागृहांच्या, निवडणुकांचा तक्ता तुम्ही करताय आणि १९१० पाशी अडला आहात. एका ठिकाणी डेमोक्रॅट २२८ आणि रिपब्लिकन १६१ मिळाले, दुसऱ्या ठिकाणी २३० आणि १६२. एकूण जागा कुठे ३९१, कुठे ३९४. देशभरातल्या मतांची बेरीज तर प्रत्येक ठिकाणी निराळी, आणि सिनेटच्या निकालात मतदारांची मते कुठेच नाहीत. यातले खरे आकडे कोणते, असे तुम्ही विचारले आहे.

आधी जागांचे बघू. तिथे तुम्हाला मिळालेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मोजणीचा दिवस वेगळा आहे. ८ नोव्हेंबर १९१० रोजी मतदान झाले तेव्हा प्रतिनिधिगृहात ३९१ जागा होत्या. नंतर ६ जानेवारी १९१२ रोजी न्यू मेक्सिको आणि १४ फेब्रुवारी १९१२ रोजी ॲरिझोना राज्य झाले. न्यू मेक्सिकोला दोन जागा मिळाल्या, ॲरिझोनाला एक. न्यू मेक्सिकोतून हार्वी फर्ग्युसन हे डेमोक्रॅट आणि जॉर्ज करी हे रिपब्लिकन आले, ॲरिझोनातून कार्ल हेडन हे डेमोक्रॅट. आता बेरीज करून पाहा: २२८ अधिक २ म्हणजे २३०, १६१ अधिक १ म्हणजे १६२, आणि ३९१ अधिक ३ म्हणजे ३९४. 'इतर' या रकान्यातले दोन तसेच राहतात. त्यातले एक मिलवॉकीचे व्हिक्टर बर्जर, काँग्रेसवर निवडून आलेले पहिले समाजवादी.

त्या तीन जागांसाठी मतदान १९११ च्या अखेरीस झाले होते. म्हणून तक्त्याचे शीर्षक '१९१० ची निवडणूक' असेल तर ३९१ ची ओळ घ्या. शीर्षक '६२ वी काँग्रेस' (म्हणजे या निवडणुकीतून आलेली, मार्च १९११ पासूनची दोन वर्षांची मुदत) असेल तर ३९४ ची घ्या. एकाच तक्त्यात एका साली निवडणुकीचा आणि दुसऱ्या साली काँग्रेसचा आकडा आला की पुढची सगळी तुलना बिघडते, आणि बिघडली आहे हे लक्षातही येत नाही. १९०६ ला हेच झालेले दिसेल. त्या वर्षी मतदानाच्या दिवशी जागा ३८६ होत्या. ओक्लाहोमा १६ नोव्हेंबर १९०७ रोजी राज्य झाले आणि पाच जागा वाढल्या, त्यांपैकी चार डेमोक्रॅटांकडे गेल्या आणि एक रिपब्लिकनांकडे. म्हणून ६० व्या काँग्रेसचे २२३ रिपब्लिकन, १६७ डेमोक्रॅट आणि १ इतर हे आकडे निवडणुकीच्या दिवसापुरते २२२, १६३ आणि १ असे वाचायचे.

एकूण जागांचा हिशेब एकदा पक्का केला की निम्मा गोंधळ मिटतो. १९०० च्या निवडणुकीत जागा ३५७ होत्या. १९०० च्या जनगणनेवरून १९०१ मध्ये नवी वाटणी झाली, त्यामुळे १९०२ आणि १९०४ ला ३८६. ओक्लाहोमानंतर १९०८ आणि १९१० ला ३९१. १९१० च्या जनगणनेवरून ऑगस्ट १९११ च्या कायद्याने ४३३ जागा ठरल्या आणि ॲरिझोना व न्यू मेक्सिको राज्ये झाल्यावर त्यांना एकेक जागा द्यायची तरतूद त्याच कायद्यात होती. अशा ४३५ जागा १९१२ च्या निवडणुकीपासून आल्या. म्हणजे न्यू मेक्सिकोच्या दोन जागांची १९१२ मध्ये एक झाली. नेमकी हीच गोष्ट उतरवून घेताना सुटते. टक्केवारी काढताना भागाकार त्या-त्या वर्षीच्या एकूण जागांनीच करा. १९०४ चे २५१ रिपब्लिकन ३८६ पैकी म्हणजे ६५ टक्के होतात. तेच ४३५ ने भागले तर ५८ टक्क्यांखाली येतात, आणि थिओडोर रूझवेल्ट यांच्या वर्षातला एवढा मोठा विजय तुमच्या आलेखात मध्यम दिसू लागतो.

या एकूण आकड्यात प्रदेशांचे, म्हणजे राज्याचा दर्जा नसलेल्या भागांचे, प्रतिनिधी मोजू नका. हवाई, अलास्का, राज्य होण्याआधीचे ॲरिझोना व न्यू मेक्सिको यांचे डेलिगेट आणि पोर्तो रिको व फिलिपिन्सचे रेसिडेंट कमिशनर सभागृहात बसत, बोलत, पण त्यांना अंतिम मतदानाचा हक्क नव्हता. काही जुन्या याद्यांत त्यांची नावे राज्यांच्या ओळीतच छापलेली असतात, त्यामुळे बेरीज पाच ते सातने वाढलेली दिसते.

आता मतदानाच्या तारखा. अमेरिकेत सगळीकडे नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान होते, हे गृहीत धरून चालू नका. मेन राज्यात मतदान सप्टेंबरमध्ये होई. व्हरमाँटमध्येही १९१२ पर्यंत सप्टेंबरच होता. ओरेगनमध्ये १९०८ पर्यंत जूनमध्ये मतदान होत असे. त्यामुळे १९०८ चा 'देशाचा निकाल' प्रत्यक्षात जून ते नोव्हेंबर असा पसरलेला आहे. हे कळल्यावर १९१० च्या बातम्या वाचायला सोप्या जातात. १२ सप्टेंबर १९१० रोजी मेनमध्ये डेमोक्रॅट फ्रेडरिक प्लेस्टेड गव्हर्नर म्हणून निवडून आले. मेन पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकनांचे राज्य. मेन जिकडे जाईल तिकडे देश जातो, अशी म्हण तिकडे रूढ होती. नोव्हेंबरमध्ये काय होणार याचा अंदाज वर्तमानपत्रांनी दोन महिने आधीच बांधला होता तो यावरून.

मतदान आणि सभागृह भरणे यांत मोठे अंतर असे, तेही ध्यानात ठेवा. नोव्हेंबरमध्ये निवडून आलेल्यांची मुदत पुढच्या ४ मार्चला सुरू होई आणि नियमित अधिवेशन त्यानंतरच्या डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी भरे. म्हणजे जवळजवळ तेरा महिने. १९११ मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांनी ४ एप्रिललाच खास अधिवेशन बोलावले, पण ते नेहमीचे नव्हते. एवढ्या काळात सदस्य वारत, राजीनामे देत, पोटनिवडणुका होत. म्हणून मी प्रत्येक वर्षासाठी तीन रकाने करतो: मतदानाच्या दिवसाचा निकाल, सभागृह पहिल्यांदा भरले त्या दिवसाची स्थिती आणि मुदत संपतानाची स्थिती. तीनही भरायला वेळ लागतो. फक्त एकच भरायचा असेल तर कोणता, हे तुम्ही तक्ता कशासाठी करताय त्यावर अवलंबून आहे. मतदारांचा कल दाखवायचा असेल तर पहिला. कायदे कोणाच्या जोरावर झाले हे दाखवायचे असेल तर दुसरा.

पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यात फरक पडण्याचे आणखी एक कारण म्हणजे वादग्रस्त निवडणुका. आपल्याकडे निवडणूक याचिका उच्च न्यायालयात जाते. तिथे राज्यघटनेनेच हा अधिकार प्रत्येक सभागृहाला स्वतःच्या सदस्यांबाबत दिला आहे. १८५१ च्या कायद्याप्रमाणे आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांप्रमाणे हरलेल्याने निकालानंतर ३० दिवसांत नोटीस द्यायची, जिंकलेल्याने पुढच्या ३० दिवसांत उत्तर द्यायचे, मग ९० दिवस साक्षी: पहिले ४० तक्रारदाराचे, पुढचे ४० समोरच्याचे, शेवटचे १० खंडनासाठी. ते कागद सभागृहाच्या निवडणूक समितीकडे जात आणि अखेरचे मत सभागृह देई. हे सगळे होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जाई. तोवर राज्याने प्रमाणपत्र दिलेला सदस्यच जागेवर बसे, आणि मध्येच नाव बदले. त्यामुळे एका मतदारसंघात एकाच मुदतीत दोन नावे दिसली तर लगेच छपाईची चूक समजू नका. आधी पोटनिवडणूक होती का आणि नंतर तक्रार होती का, हे तपासा.

मतांचे आकडे हा सगळ्यात कठीण भाग. आपल्याकडे निवडणूक आयोग देशभराचा निकाल एका जागी देतो. त्या काळात अमेरिकेत तसे काहीच नव्हते. प्रतिनिधिगृहाच्या क्लार्कच्या (सचिवाच्या) कार्यालयाने काँग्रेसच्या मतांचे देशभराचे अधिकृत संकलन १९२० च्या निवडणुकीपासून सुरू केले. त्याआधीच्या प्रत्येक आकड्याचा उगम राज्यात आहे. मतदान केंद्रावरची मोजणी काउंटीकडे (जिल्ह्याकडे), काउंटीच्या मंडळाने केलेली बेरीज राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, आणि तिथे राज्याचे मंडळ अंतिम निकाल जाहीर करी. हा अंतिम निकाल बहुतेक राज्यांनी आपापल्या वार्षिक पुस्तकात छापला आहे. मिळेल तिथे तोच घ्या. वर्तमानपत्रांनी काढलेल्या वार्षिकांमध्ये सगळ्या राज्यांचे आकडे एकत्र मिळतात म्हणून मोह होतो, पण ती डिसेंबरात छापायला जात आणि काही काउंट्यांचे आकडे तोवर अपुरे असत. 'काँग्रेशनल डिरेक्टरी' या काँग्रेसच्या सदस्यसूचीत प्रत्येक सदस्याच्या परिचयात मते दिलेली असतात. ती माहिती सदस्यानेच पुरवलेली असे आणि पुष्कळदा त्यात नुसते मताधिक्य असते.

इथे एका शब्दाने फार जणांना फसवले आहे. जुन्या तक्त्यांत 'प्लुरॅलिटी' असा रकाना असतो. तो विजेत्याला मिळालेल्या मतांचा नसतो, तर पहिला आणि दुसरा यांच्यातल्या फरकाचा, म्हणजे आपण ज्याला मताधिक्य म्हणतो त्याचा. 'मेजॉरिटी' लिहिले असेल तर विजेत्याची मते वजा बाकी सगळ्यांची मते, असा अर्थ बहुतेक ठिकाणी असतो; पण काही संपादक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरत. म्हणून मी प्रत्येक पानावर आधी दोन-तीन ओळी हाताने वजाबाकी करून बघतो आणि त्या पानाचा अर्थ ठरवतो. या रकान्याचा मोठा उपयोगही आहे. स्कॅन केलेल्या पानावरून यंत्राने वाचलेल्या आकड्यांत ३ चा ८, १ चा ७, ० चा ६ होतो. पहिल्याची मते वजा दुसऱ्याची मते बरोबर छापलेले मताधिक्य, हा ताळा लावला की अशी चूक लगेच उघडी पडते. ताळा जमला नाही तर मूळ पानाचे चित्र डोळ्यांनी बघा. मनाने दुरुस्ती करू नका, कारण चूक मूळ छपाईतही असू शकते. तसे असेल तर छापील आकडा आणि तुमचा आकडा दोन्ही नोंदवा. 'स्कॅटरिंग' म्हणजे किरकोळ नावांना पडलेली फुटकळ मते. ती 'इतर'मध्ये घ्या, अवैध मते समजून टाकू नका.

आता तुमची देशभराची बेरीज का जमत नाही ते बघू. पहिले कारण म्हणजे पूर्ण राज्य हाच मतदारसंघ असलेल्या जागा, ज्यांना तिकडे 'ॲट लार्ज' म्हणतात. १९११ मध्ये जागा वाढल्या, पण अनेक राज्यांनी नवे मतदारसंघ वेळेत आखले नाहीत. वाढीव जागा राज्यभरातून निवडून द्यायची मुभा कायद्यात होती. त्यामुळे १९१२ ला पेनसिल्व्हेनियात ३२ मतदारसंघ आणि ४ राज्यव्यापी जागा, ओक्लाहोमात ५ आणि ३, वॉशिंग्टनमध्ये ३ आणि २, टेक्सासमध्ये १६ आणि २, इलिनॉयमध्ये २५ आणि २. पेनसिल्व्हेनियाचा मतदार आपल्या मतदारसंघासाठी एक आणि राज्यव्यापी जागांसाठी चार, अशी पाच मते देत होता. सगळ्या उमेदवारांची मते सरसकट मिळवली तर पेनसिल्व्हेनिया देशाच्या बेरजेत पाचपट वजनाने बसते. राज्यात मतदारसंघ आणि राज्यव्यापी जागा दोन्ही असतील तर मी मतांच्या बेरजेत फक्त मतदारसंघांची मते घेतो. राज्यव्यापी जागा जागांच्या रकान्यात मोजतो. ज्या राज्यात सगळ्याच जागा राज्यव्यापी होत्या, तिथे प्रत्येक पक्षाच्या उमेदवारांची सरासरी घेतो. मोंटाना हे त्याचे चांगले उदाहरण. १९१६ मध्ये तिथे दोन जागा होत्या आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. डेमोक्रॅट जॉन एव्हान्स पहिले आले. दुसऱ्या आल्या रिपब्लिकन जेनेट रँकिन, आणि दुसऱ्या क्रमांकालाही जागा होती म्हणून काँग्रेसमध्ये निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्या 'एव्हान्स यांच्याविरुद्ध हरल्या' किंवा 'एव्हान्स यांना हरवून आल्या', यातले कोणतेही वाक्य चूक आहे.

दुसरे कारण पक्षाची नावे. न्यूयॉर्कमध्ये एकच उमेदवार दोन-तीन पक्षांच्या नावावर उभा राहू शकत असे. उमेदवाराची एकूण मते काढताना ती मिळवायची, पक्षांची मते काढताना वेगळी ठेवायची. काही वार्षिके मिळवलेली बेरीज मोठ्या पक्षासमोर छापतात आणि खाली छोट्या पक्षाचा आकडा पुन्हा देतात. तो दोनदा मोजला जातो. शिवाय एकच पक्ष राज्याराज्यांत निराळ्या नावाने वावरत होता. समाजवाद्यांचे विस्कॉन्सिनमधले नाव सोशल डेमोक्रॅट, मिनेसोटात पब्लिक ओनरशिप. १९१२ मध्ये रूझवेल्ट यांचा प्रोग्रेसिव्ह पक्ष पेनसिल्व्हेनियाच्या मतपत्रिकेवर 'वॉशिंग्टन पार्टी' होता. म्हणून १९१२ च्या निकालात डेमोक्रॅट २९१, रिपब्लिकन १३४ आणि इतर १० अशी ओळ घेतली, तरी त्या दहात प्रोग्रेसिव्ह किती हे ठिकठिकाणी वेगळे दिसेल. दोन पक्षांच्या पाठिंब्याने आलेल्याला कुठे मोजायचे यावर ते ठरते. माझा नियम असा: मतपत्रिकेवरचे मूळ नाव एका रकान्यात जसेच्या तसे, आणि शेजारी मी ठरवलेला गट. मूळ नाव पुसून गट लिहिला तर नंतर निर्णय बदलायचा झाल्यास परत सगळी पाने उघडावी लागतात.

'रिपब्लिकन' या शब्दाखाली तेव्हा दोन तट होते, हेही आकड्यांत दिसत नाही. मार्च १९१० मध्ये जॉर्ज नॉरिस यांच्या पुढाकाराने बंडखोर रिपब्लिकनांनी डेमोक्रॅटांना साथ दिली आणि सभापती जो कॅनन यांची नियम समितीवरची पकड १९१ विरुद्ध १५६ मतांनी मोडली. नोव्हेंबरमधला पराभव समजून घ्यायचा तर हे हवे. १९१२ मध्ये ही फूट मतपत्रिकेवरच आली. खुद्द कॅनन इलिनॉयच्या १८ व्या मतदारसंघात डेमोक्रॅट फ्रँक ओ'हेअर यांच्याकडून हरले आणि १९१४ ला परत निवडून आले. देशभरात डेमोक्रॅटांची मते ४५ टक्क्यांच्या आसपास होती, जागा मात्र ६७ टक्के. विरोधी मते दोन ठिकाणी विभागली की असे होते, हे आपल्या वाचकाला वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

तिसरे कारण दक्षिणेकडची राज्ये, आणि याबाबत मी आग्रही आहे. मिसिसिपीने १८९० मध्ये, साउथ कॅरोलायनाने १८९५, लुइझियानाने १८९८, नॉर्थ कॅरोलायनाने १९००, अलाबामाने १९०१ आणि व्हर्जिनियाने १९०२ मध्ये राज्यघटना बदलून साक्षरतेच्या अटी, मतदान कर आणि असेच अडसर घातले. लुइझियानात १८९६ ला नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १,३०,३३४ होते. १९०४ ला उरले १,३४२. पुष्कळ गरीब गोरेही यादीबाहेर गेले. नॉर्थ कॅरोलायनाचे जॉर्ज हेन्री व्हाइट मार्च १९०१ मध्ये सभागृहाबाहेर पडले, त्यानंतर थेट १९२८ मध्ये शिकागोतून ऑस्कर डी प्रीस्ट निवडून येईपर्यंत एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. खरी लढत डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात होई, आणि तिथे कृष्णवर्णीयांना जवळपास प्रवेशच नव्हता. नोव्हेंबरचे मतदान नावापुरते. म्हणून उत्तरेत एका मतदारसंघात तीस-चाळीस हजार मते आणि दक्षिणेत बिनविरोध उमेदवाराला काही हजार मते, असे चित्र दिसते. जागा मात्र पूर्ण लोकसंख्येवर वाटल्या जात, मत नाकारलेल्यांना धरून. चौदाव्या घटनादुरुस्तीत अशा राज्यांच्या जागा कमी करण्याची तरतूद आहे, ती कधी लावली गेली नाही.

तक्त्यासाठी याचा अर्थ असा की दक्षिणेसकट काढलेली देशाची टक्केवारी डेमोक्रॅटांना मते कमी आणि जागा फार जास्त दाखवते, आणि घाईने वाचणारा त्याचे सगळे श्रेय मतदारसंघांच्या आखणीला देतो. मी दोन बेरजा देतो: एक संपूर्ण देशाची आणि एक दक्षिणेतल्या अकरा जुन्या कॉन्फेडरेट राज्यांना (यादवी युद्धात संघराज्यातून फुटलेल्या राज्यांना) वगळून. बिनविरोध जागेसमोर शून्य लिहू नका, १०० टक्केही लिहू नका. 'बिनविरोध' असेच लिहा आणि मतांच्या सरासरीतून ती ओळ बाहेर ठेवा.

सिनेटकडे वळू. मतदारांची मते तुम्हाला सापडत नाहीत, कारण ती नव्हतीच. सतरावी घटनादुरुस्ती १९१३ मध्ये आली. ८ एप्रिलला पुरेशा राज्यांची मंजुरी पूर्ण झाली आणि ३१ मे रोजी ती घोषित झाली. तोवर सिनेटर राज्याच्या विधिमंडळाकडून निवडला जाई. १८६६ च्या कायद्याने रीत ठरवून दिली होती: विधिमंडळाचे कामकाज सुरू झाल्यावर दुसऱ्या मंगळवारी दोन्ही सभागृहांनी वेगवेगळे, नावे पुकारून मतदान करायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता संयुक्त बैठक. दोन्हीकडे एकाच नावाला बहुमत असेल तर तो निवडून आला. नसेल तर संयुक्त मतदान, आणि निकाल लागेपर्यंत रोज किमान एक फेरी. म्हणून '१९१० ची सिनेट निवडणूक' म्हणजे बहुतेक राज्यांत जानेवारी ते एप्रिल १९११ मधल्या या फेऱ्या. केंटकी, व्हर्जिनियासारख्या राज्यांत विधिमंडळाची निवडणूक विषम वर्षी होई, तिथले वेळापत्रक आणखी निराळे.

इथे तक्ता करताना दोन चुका हमखास होतात. नोव्हेंबरमध्ये राज्याच्या विधिमंडळात कोणाला किती जागा मिळाल्या, तेवढ्यावरून संयुक्त बैठकीचे बळ काढले जाते. पण अनेक राज्यांत राज्य सिनेटची मुदत चार वर्षांची होती आणि निम्मे सदस्य आधीच्या निवडणुकीतले असत. त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. दुसरी चूक म्हणजे बहुमत ज्या पक्षाचे त्याचाच सिनेटर झाला असे धरून चालणे. ओरेगनमध्ये १९०८ ला मतदारांनी सल्लावजा मतदानात डेमोक्रॅट जॉर्ज चेंबरलेन यांना कौल दिला. लोकांचा कौल पाळण्याचे लेखी वचन अनेक आमदारांनी आधीच दिले होते, त्यामुळे १९०९ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने डेमोक्रॅट सिनेटर निवडला. इलिनॉयमध्ये महिनोन्‌महिने अडून राहिल्यावर २६ मे १९०९ रोजी ९५ व्या फेरीत रिपब्लिकन विल्यम लॉरिमर डेमोक्रॅटांची मते घेऊन निवडून आले. पुढे एका आमदाराने लाच घेतल्याची कबुली दिली आणि १३ जुलै १९१२ रोजी सिनेटने ५५ विरुद्ध २८ मतांनी ती निवड रद्द ठरवली. न्यूयॉर्कमध्ये १९११ ला डेमोक्रॅटांचे स्पष्ट बहुमत होते, तरी पक्षाने पुढे केलेल्या विल्यम शीहन यांना तरुण राज्य सिनेटर फ्रँकलिन रूझवेल्ट आणि त्यांच्या साथीदारांनी अडवून धरले. ३१ मार्चला तडजोडीचे नाव म्हणून जेम्स ओ'गॉर्मन निवडून आले, तेव्हा मुदत सुरू होऊन जवळपास चार आठवडे झाले होते.

कधी निकालच लागत नसे. डेलावेअरचे विधिमंडळ एडवर्ड ॲडिक्स यांच्या उमेदवारीवरून इतके अडकले की मार्च १९०१ ते मार्च १९०३ या काळात त्या राज्याला एकही सिनेटर नव्हता. कोलोरॅडोत जानेवारी १९११ मध्ये चार्ल्स ह्यूज वारल्यावर ती जागा दोन वर्षे रिकामी राहिली. अशा जागी 'रिक्त' लिहा, मागच्या सिनेटरचा पक्ष पुढे ओढू नका. थेट मतदानाने आलेले पहिले सिनेटर जॉर्जियाचे ऑगस्टस बेकन, जुलै १९१३. देशभर एकत्र अशी पहिली थेट निवडणूक १९१४ ची. तिथपासून सिनेटच्या मतांचा रकाना सुरू करा, त्याआधीचा भाग फेऱ्या आणि तारखा यांचा ठेवा. दोन्ही एकाच आलेखावर जोडू नका.

तुमच्या तक्त्याची शेवटची ओळ १९१६ ची आहे, तिच्याकडे नीट लक्ष द्या. रिपब्लिकन २१५, डेमोक्रॅट २१४, इतर ६. बहुमताला २१८ हवे होते, म्हणजे कोणाकडेच नव्हते. आकड्यांवरून रिपब्लिकन पुढे. मतदान ७ नोव्हेंबरचे आणि सभागृह भरले २ एप्रिल १९१७ ला. मध्ये काही सदस्य वारले होते, काही हजर नव्हते. त्या दिवशी सभापतिपदासाठी डेमोक्रॅट चॅम्प क्लार्क यांना २१७ आणि रिपब्लिकन जेम्स मॅन यांना २०५ मते पडली. छोट्या पक्षांच्या काही सदस्यांनी क्लार्क यांना साथ दिली, काही रिपब्लिकनांनी मॅन सोडून दुसऱ्यांना मते दिली. त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन यांनी युद्ध पुकारण्याची मागणी करणारे भाषण दोन्ही सभागृहांपुढे केले. या ओळीत 'विजयी पक्ष' असा एकच रकाना असेल तर तो भरता येणार नाही. तिथे 'सर्वाधिक जागा' आणि 'सभापती कोणाचा' असे दोन रकाने करा, आणि तेच दोन रकाने वर १९०० पर्यंत न्या.